वेरूळच्या इंद्रसभेत डोक्यावर नागफणा असलेली ती उभी मूर्ती बुद्धाची की नागराजाची?

दोघांचीही नाही, वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यातील ती मूर्ती तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांची आहे. जैन कथेनुसार ते कायोत्सर्ग मुद्रेत (ताठ उभे राहून, हात खाली सोडून) ध्यानस्थ असताना पूर्वजन्मीचा वैरी कमठ याने वादळ आणि शिळांचा वर्षाव करून त्यांचा तपोभंग करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा धरणेंद्र नागाने त्यांच्या मस्तकावर फणा उभारली आणि त्याची पत्नी पद्मावती हिने छत्र धरले. हाच प्रसंग तेथे कोरलेला असल्यामुळे हल्लेखोरांच्या आकृती मूर्तीभोवती दाटलेल्या दिसतात, आणि त्या गदारोळात पार्श्वनाथांची निश्चलता विलक्षण जाणवते. समोरच्या बाजूची, अंगावर वेली चढलेली मूर्ती बाहुबलीची, म्हणजे पहिले तीर्थंकर ऋषभनाथ यांच्या तपस्वी पुत्राची आहे. तीही आवर्जून पाहावी, कारण वेरूळच्या शिल्पकारांनी ही जोडी जैन लेण्यांत पुन्हा पुन्हा समोरासमोर कोरली आहे. मात्र केवळ फणेवरून ओळख पक्की करू नये: सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांच्या मस्तकावरही फणा असते (बहुधा पाच फणांची), मुचलिंद नागाच्या फणेखाली बुद्धही दाखवला जातो, आणि अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला, अलंकार ल्यालेला फणाधारी पुरुष खरोखरच नागराज आहे.