युक्रेन युद्धाचे परिणाम त्या देशाबाहेर कोणावर झाले, आणि निर्वासितांना केलेली मदत खरोखर उपयोगी पडते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: युक्रेनमधील युद्धाचे त्या देशाबाहेर नेमके कोणते परिणाम झाले, आणि तेथून बाहेर पडलेल्या लोकांना एखाद्या सामान्य माणसाने केलेली मदत खरोखर उपयोगी पडते का. मी नोकरीनिमित्त पोलंडच्या आग्नेय भागात राहते आणि 2022 च्या वसंतात सीमेजवळच्या प्शेमिश्ल रेल्वे स्थानकावर स्वयंसेवक म्हणून काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः पोलंडकडून पाहिलेले आहे. इतक्या वर्षांत माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकते. युद्धाचा आणि मदतीचा, असे दोन्ही खर्च कोणाच्या तरी पदरी पडतातच. ते कोणी उचलायचे हे आधी ठरवले नाही, तर ज्यांना कोणी विचारलेलेही नसते अशा लोकांच्या माथी ते येतात आणि मग सहानुभूती आटायला फार वेळ लागत नाही.

सुरुवात धान्यापासून करते. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा जगाच्या गहू निर्यातीचा एक चतुर्थांशाहून अधिक वाटा या दोन देशांकडे होता, आणि सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत जवळजवळ निम्मा वाटा एकट्या युक्रेनचा होता. काळ्या समुद्रावरील युक्रेनची बंदरे बंद पडली आणि मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्न किमतींचा निर्देशांक तोपर्यंतच्या सर्वोच्च पातळीवर गेला. याची झळ सर्वांना सारखी बसली नाही. लेबनॉनचा बहुतांश गहू युक्रेनहून येत असे आणि 2020 च्या बैरूत बंदरातील स्फोटात तेथील धान्यकोठारे उद्ध्वस्त झाल्यामुळे साठा करून ठेवण्याची सोयही त्या देशाकडे उरली नव्हती. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम आपल्या गव्हाचा मोठा हिस्सा युक्रेनमधूनच खरेदी करत असे. भाव वाढले, निधी अपुरा पडला आणि येमेनमधील लाखो लोकांचा शिधा 2022 मध्ये आणखी कमी करावा लागला. ज्यांचा या युद्धाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या ताटापर्यंत ते असे पोहोचले.

इंधनाची गोष्टही याच वळणाची आहे. रशियाचा नळवाटे येणारा वायू कमी होत गेला तसा युरोपने द्रवरूप वायू वाटेल त्या भावाने उचलायला सुरुवात केली. पैसा असल्यामुळे युरोपचा हिवाळा निभावला, पण त्या भावाला खरेदी करणे पाकिस्तान आणि बांगलादेशाला परवडेना आणि तेथे तासन्‌तास वीज जाऊ लागली. नैसर्गिक वायूपासूनच अमोनिया आणि त्यापासून नत्रयुक्त खते बनत असल्याने खतांचे भावही सोबतच चढले.

जुलै 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने इस्तंबूलमध्ये युक्रेनच्या बंदरांतून धान्याची जहाजे सोडण्याचा करार झाला. 1 ऑगस्टला 'राझोनी' हे पहिले जहाज ओडेसाहून 26 हजार टनांहून अधिक मका घेऊन लेबनॉनकडे निघाले तेव्हा जगभर त्याची छायाचित्रे झळकली, परंतु माल फार उशिरा आला असे म्हणून खरेदीदाराने तो घेण्यास नकार दिला, आणि ही बातमी मात्र आतल्या पानावर गेली. जुलै 2023 मध्ये रशिया बाहेर पडेपर्यंत या करारातून सुमारे 3 कोटी 30 लाख टन धान्य बाहेर आले. त्यात सर्वांत मोठा ग्राहक चीन होता, म्हणून करार गरिबांच्या कामाचा नव्हता अशी टीका होते. ती मला अर्धवट वाटते, कारण माल कोणत्याही बंदरात उतरला तरी भाव खाली येतात तेव्हा सर्वांनाच स्वस्त पडते.

आता जे मी जवळून पाहिले त्याकडे वळते. युक्रेनमध्ये दोन रुळांमधील अंतर 1520 मिलिमीटर आहे, तर पोलंडमध्ये 1435. या साडेआठ सेंटिमीटरच्या फरकामुळे पोलंडच्या सर्वसाधारण रुळांवरून पुढे न्यायची प्रत्येक वाघीण एक तर उचलून तिची चाके बदलावी लागतात, नाही तर माल दुसऱ्या वाघिणीत ओतावा लागतो. युरोपीय संघाने मे 2022 मध्ये धान्यासाठी जमिनीवरचे मार्ग खुले केले आणि जूनपासून युक्रेनच्या मालावरील आयातशुल्क स्थगित केले. हेतू चांगला होता. हे धान्य पोलंडमधून बंदरांकडे जाईल आणि तेथून पुढे आफ्रिका-आशियाकडे रवाना होईल, अशी कल्पना होती. परंतु वाघिणी कमी होत्या आणि बंदरांची क्षमताही बेताची होती, त्यामुळे बऱ्याच मालाला पूर्व पोलंडमध्येच गिऱ्हाईक मिळाले. भाव पडले तेव्हा तेथील शेतकऱ्यांचे स्वतःचे धान्य कोठारात पडून होते. भाव पडण्याचे एकमेव कारण युक्रेनचे धान्य नव्हते, जागतिक बाजारही तोवर उतरला होता, पण शेतकऱ्याला समोर दिसत होत्या त्या सीमेपलीकडून येणाऱ्या वाघिणी. एप्रिल 2023 मध्ये कृषिमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि पोलंडने आयात रोखली. फेब्रुवारी 2024 मध्ये सीमेवरच्या मेडिका या गावी आंदोलकांनी वाघिणी उघडून युक्रेनचे धान्य रुळांवर ओतले. दोन वर्षांपूर्वी याच मेडिकात लोक रात्रभर थंडीत उभे राहून पायी येणाऱ्यांना गरम सूप देत होते. धान्य ओतणे मला लाजिरवाणे वाटले, आणि तरीही त्यामागची तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. औदार्याचा निर्णय ब्रसेल्स आणि वॉर्सामध्ये झाला होता, पण त्याची किंमत त्या एका पट्ट्यातले लोक मोजत होते.

निर्वासितांच्या बाबतीत सर्वांत मोठी मदत कोणती झाली असे विचाराल, तर ती ना देणग्यांनी केली ना आमच्यासारख्या स्वयंसेवकांनी. ती एका कायदेशीर निर्णयाने झाली. युगोस्लाव्हियातील युद्धांच्या अनुभवानंतर युरोपीय संघाने 2001 मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश तयार करून ठेवला होता. सीरियातून लाखो लोक आले त्या 2015 साली तो वापरला गेला नाही. 4 मार्च 2022 रोजी तो प्रथमच लागू झाला आणि युक्रेनच्या नागरिकांना वैयक्तिक आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागण्याची वाट न पाहता वास्तव्य, काम, शाळा आणि वैद्यकीय उपचार यांचा हक्क मिळाला. पोलंडमध्ये 'पेसेल' हा सरकारी ओळख क्रमांक हाती आला की डॉक्टर, शाळा, बँक अशी सारी दारे उघडतात, आणि तो त्यांना विशेष कायद्याने अल्पावधीत मिळू लागला. युक्रेनमध्ये शिकणारे परदेशी विद्यार्थी मात्र या संरक्षणातून बहुतांशी वगळले गेले, आणि रोमा या अल्पसंख्याक समाजातील कुटुंबांना घर देताना नाके मुरडणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. शिवाय 2021 पासून याच पोलंडच्या बेलारूस सीमेवर इराक, सीरिया आणि अफगाणिस्तानातील लोकांना जंगलातून परत ढकलले जात होते, हे विसरून चालणार नाही.

स्थानकावरचा अनुभव आता थोडक्यात सांगते, कारण आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे बरेचसे उत्तर त्यात आहे. युक्रेनमधील 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास मनाई होती, त्यामुळे गाडीतून उतरत त्या बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. रुंद रूळ थेट प्शेमिश्लपर्यंत येत असल्याने पश्चिम युक्रेनमधील ल्वीव शहराची गाडी तेथपर्यंत येई, पासपोर्ट तपासणी होई आणि मग पुढच्या प्रवासाचा प्रश्न उभा राही. त्या वेळी लोकांना हवे होते सिमकार्ड, फोन चार्ज करण्याची जागा, बाबागाडी, मांजरासाठी पेटी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आपल्या भाषेत खरे उत्तर देणारा माणूस. आमच्याकडे ढीग होता कपड्यांचा. पोत्यांत उन्हाळी झगे, एकेकटे बूट आणि धुतलेही नाहीत असे स्वेटर एकत्र कोंबलेले असत, आणि ते निवडण्यात आमचे तासचे तास जात. ओल धरलेली पोती शेवटी फेकावी लागली, आणि ते कामही आम्हालाच करावे लागले. दुसरी चिंता अधिक गंभीर होती. मोफत गाडीची पाटी घेऊन उभे असणाऱ्यांत सारेच सज्जन असतील याची खात्री नव्हती, म्हणून वाहनाचा क्रमांक आणि चालकाचे ओळखपत्र नोंदवल्याशिवाय एकट्या बाईला किंवा मुलीला बसवू द्यायचे नाही, असा नियम करावा लागला. चांगल्या मनाने आलेल्या चालकांना तो अपमान वाटे. तो तसा वाटला तरी नियम मोडायचा नाही, हे आम्ही ठरवून टाकले होते.

पहिल्या लाटेत लोकांनी घरे उघडली. पोलंड सरकार यजमानाला प्रत्येक पाहुण्यामागे दिवसाला 40 झ्लॉटी देत होते आणि ही सोय साधारणतः 120 दिवसांपुरती होती. ब्रिटनमध्ये यजमानाला महिना 350 पौंड मिळत आणि किमान सहा महिने घर द्यावे अशी अपेक्षा असे. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. भाड्याची घरे आधीच महाग होती, ती आणखी महागली, आणि त्याचा ताप स्थानिक भाडेकरूंनाही झाला. बाईने कामावर जायचे तर मूल ठेवायला पाळणाघरात जागा हवी, आणि ती मिळत नसे. प्रशिक्षित परिचारिका हॉटेलच्या खोल्या आवरण्याचे काम करत होत्या, कारण पदवीची मान्यता आणि भाषेची अट पूर्ण होईपर्यंत घरभाडे थांबत नाही. कितीतरी मुले पोलिश घरात बसून युक्रेनच्या शाळेचे वर्ग संगणकावर करत राहिली. शेवटी सप्टेंबर 2024 पासून पोलंडने स्थानिक शाळेत जाणे सक्तीचे केले आणि पुढे बालभत्ताही त्याच्याशी जोडला, आणि माझ्या मते हे दोन वर्षे उशिरा केले.

आज पोलंडमध्ये 'हे लोक आमच्या पैशावर जगतात' असे सर्रास ऐकू येते. 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सवलती वाढवणारे विधेयक नाकारले आणि नंतर बालभत्ता पालकांच्या रोजगाराशी जोडूनच नवा कायदा झाला. वस्तुस्थिती अशी आहे की काम करण्याच्या वयातील बहुसंख्य युक्रेनियन येथे नोकरी करतात, कर भरतात आणि सामाजिक विम्याचे हप्तेही भरतात. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने करवून घेतलेल्या एका अभ्यासाने 2024 मधील पोलंडच्या सकल देशांतर्गत उत्पादनातील त्यांचा वाटा 2.7 टक्के असल्याचा अंदाज दिला. परंतु हा लाभ सगळ्या देशात विखुरला जातो, तर भाडेवाढ आणि दवाखान्यातील रांग ठरावीक मोहल्ल्यांतच जाणवते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला टक्केवारी सांगून उपयोग नसतो, त्या भागाला दवाखान्यासाठी जादा पैसे द्यावे लागतात.

हेच तत्त्व देशादेशांमध्येही लागू होते, आणि याबद्दल फारसे बोलले जात नाही. श्रीमंत देशांना आपल्या भूमीवरील निर्वासितांचा पहिल्या वर्षाचा खर्च 'विकास साहाय्य' म्हणून दाखवण्याची मुभा आहे. 2022 मध्ये अशा साहाय्यातील 14 टक्क्यांहून अधिक रक्कम देणाऱ्या देशांच्या सीमेबाहेर गेलीच नाही. ब्रिटनने त्या वर्षी सुमारे 3.7 अब्ज पौंड, म्हणजे आपल्या परदेशी मदतीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग, असा देशातच खर्च केला. त्यात युक्रेनियन आणि इतर आश्रयार्थी, दोघांचाही खर्च होता. मदतीची एकूण रक्कम ठरलेली असेल, तर एका निर्वासिताच्या घरभाड्याचे पैसे दुसऱ्या खंडातील दवाखान्यातून काढले जातात, आणि ज्याचा दवाखाना बंद होतो त्याला हे कोणी कळवतही नाही.

आता आपण काय करावे. पैसे द्यायचे असतील तर एकरकमी मोठी रक्कम देण्यापेक्षा छोटी पण दरमहा आणि कोणत्याही कामासाठी वापरता येईल अशी द्यावी, कारण दुभाषा, वकील आणि समुपदेशक यांचे पगार दरमहा भरायचे असतात आणि त्यासाठी उत्साहाने देणारे कमी असतात. संस्था निवडताना ती तेथील स्थानिक लोकांच्या गरजाही पाहते का, हे विचारावे. तात्पुरते संरक्षण मार्च 2027 पर्यंत वाढवलेले आहे आणि त्यानंतर काय, हा कायद्याचा प्रश्न आहे, म्हणून कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थांना येत्या काळात सर्वाधिक गरज पडेल असे मला वाटते. आपल्या देशात निर्वासितांचा खर्च कोणत्या अंदाजपत्रकातून होतो, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधीला लेखी विचारणे हीदेखील मदतच आहे. आपण जिथे राहता तिथे एखादी निर्वासित डॉक्टर किंवा शिक्षिका असेल, तर तिच्या भाषेच्या परीक्षेसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्याशी बोलण्याचा सराव करणे हे कपड्यांच्या दहा पोत्यांपेक्षा मोलाचे ठरेल. घरात कोणाला ठेवून घेण्याचा विचार असेल, तर किल्ली कोणाकडे, स्वयंपाकघर कधी आणि मुक्काम कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्याच दिवशी दोघांच्या भाषेत कागदावर लिहून घ्यावे, आणि पुढचे घर शोधण्याची सुरुवात मुदत संपत आल्यावर नव्हे, तर पहिल्याच महिन्यात करावी.