शाळेच्या समितीवर बसलेल्यांचे प्रश्न

या वेळी बडोद्याहून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत: शाळेच्या कारभारात ज्यांना जागा मिळाली आहे, त्यांनी तेथे नेमके काय करायचे? पत्रलेखकांची नावे व शाळांची ओळख पटेल असा मजकूर वगळून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सरकारी प्राथमिक शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गात चौथीत शिकते. पालकांच्या सभेत मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले. प्रवेशोत्सवाला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते. एरवी शाळेतून कोणीतरी रजिस्टर घेऊन घरी येते आणि सही मागते. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. सही करावी का, आणि आमचे खरे काम काय?
(एक पालक-सदस्या, वाडी)

उत्तर : जी सभा झालीच नाही किंवा जिला आपण हजर नव्हता, तिच्या इतिवृत्तावर सही करू नये. इतिवृत्तावरील सहीचा अर्थ, तेथे लिहिलेला ठराव आपल्या समक्ष झाला, एवढाच होतो. पुढे त्या ठरावाच्या आधारे खर्च झाला, तर प्रश्न सही करणाऱ्याला विचारला जाईल. मुख्याध्यापकांना हे शांतपणे सांगावे आणि पुढच्या सभेची तारीख आधी कळवण्याची विनंती लेखी द्यावी. बहुतेक शाळांत यामागे लबाडीपेक्षा कंटाळा आणि कागदांचा ढीग हे कारण असते, म्हणून सुरुवात भांडणाने करू नये.

आपली समिती शाळेच्या मर्जीने नेमलेली नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 ने ती आली आहे. त्या कलमानुसार समितीतील किमान तीन-चतुर्थांश सदस्य शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत, म्हणजे समिती बारा जणांची असेल तर त्यांत नऊ पालक. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. केंद्राच्या 2010 च्या नियमांत अध्यक्ष पालकांमधून निवडावा, मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य-निमंत्रक असावा, महिन्यातून किमान एकदा सभा व्हावी आणि इतिवृत्त लोकांना पाहता यावे, असे म्हटले आहे. गुजरातचे स्वतःचे नियम 2012 चे आहेत. त्यांची प्रत मुख्याध्यापकांकडे मागावी आणि एकदा सावकाश वाचावी. दहावीपर्यंतचे शिक्षण त्यासाठी पुरेसे आहे.

कायद्याने समितीवर मुख्यतः तीन कामे सोपवली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, आणि सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा अन्य कोणाकडून मिळालेल्या पैशाचा विनियोग कसा होतो ते पाहणे. पैशाचे काम सर्वांत टाळले जाते, म्हणून तेथूनच सुरुवात करावी असे मी सुचवीन. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदान ठरलेले आहे. 101 ते 250 मुले असलेल्या शाळेसाठी वर्षाला 50,000 रुपये, त्याहून मोठ्या, हजारापर्यंतच्या शाळेसाठी 75,000 रुपये, आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. या वर्षी किती रक्कम आली, कोणत्या तारखेला आली आणि कशावर गेली, हे तीन प्रश्न सभेत विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. उत्तर तोंडी मिळाले तर पासबुक आणि पावत्या पाहायला मागाव्यात. तो संशय घेणे होत नाही. केंद्राच्या नियमांत वार्षिक जमाखर्च तयार करण्याचे काम समितीचेच आहे, आणि त्यावर अध्यक्ष व निमंत्रक दोघांची सही लागते.

देखरेख म्हणजे वर्गात बसून बाईंना गणित कसे शिकवावे हे सांगणे मात्र नव्हे. शिक्षक वेळेवर येतात का, जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून इतर कामांना त्यांना जुंपले जाते का, कोणी शिक्षक आपल्याच विद्यार्थ्यांची खासगी शिकवणी घेतो का, मुलांना मारले किंवा अपमानित केले जाते का, माध्यान्ह भोजन कसे शिजते, मुलींचे स्वच्छतागृह उघडे असते की त्याची किल्ली कार्यालयात पडून असते, हे सारे आपल्या कक्षेत येते. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा भरली पाहिजे. 60 पर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन, 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक हवेत, ही मोजमापेही कायद्याच्या परिशिष्टातच दिली आहेत. शिक्षक कमी असतील तर तो मुख्याध्यापकांचा दोष नसतो. तेथे समितीने ठराव करून वर पाठवणे हीच मुख्याध्यापकांना खरी मदत असते. मुलांच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका किंवा पंचायतीसारख्या स्थानिक संस्थेकडे, करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत देण्याचे बंधन कलम 32 मध्ये आहे.

शाळा सोडलेली मुले परत आणणे हेही समितीचेच काम. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सबंध संस्थानात लागू केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. 2009 च्या कायद्याने सक्ती सरकारवर घातली आहे. आपल्या गल्लीतील कोणते मूल दिवाळीनंतर आलेच नाही, हे आपल्याला हजेरीपत्रकाच्या आधी कळते. आपल्यासारख्या पालकांना बहुमत देण्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळींनी पूर्वी स्थापन केलेल्या संस्थेची अनुदानित शाळा आहे. मी नवा विश्वस्त आहे. अध्यक्ष दररोज शाळेत जाऊन हजेरीपत्रक तपासतात आणि वेळापत्रकही बदलतात. मात्र हिशेब सभेपुढे वर्षाच्या शेवटी घाईने येतात. सध्या तळमजल्याची जागा नऊ वर्षांच्या कराराने भाड्याने देण्याचे घाटत आहे. विचारले की, आपण भाषिक अल्पसंख्य आहोत, आपल्याला कोणी विचारू शकत नाही, असे उत्तर मिळते.
(एक विश्वस्त, दांडिया बाजार)

उत्तर : आपल्या पत्रातील दोन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत, असे मला वाटते. जेथे विश्वस्त मुख्याध्यापकांचे काम करू लागतात, तेथे विश्वस्तांचे काम करायला कोणी उरत नाही. शाळा कशासाठी चालवायची, पैसा कोठून आणायचा आणि कशावर प्राधान्याने खर्च करायचा, मुख्याध्यापकांकडून वर्षाअखेर काय अपेक्षित आहे, इमारत सुरक्षित आहे का, हे ठरवणे व तपासणे विश्वस्तांकडे; कोणत्या तासाला कोणता विषय आणि कोणत्या शिक्षकाला कोणता वर्ग, हे मुख्याध्यापकांकडे. अध्यक्षांना शाळेविषयी आस्था आहे, यात शंका नाही. पण शिक्षकाला एक आदेश मुख्याध्यापकांकडून आणि दुसरा अध्यक्षांकडून मिळू लागला की तो दोन्ही न पाळायला शिकतो. शिवाय एकट्या विश्वस्ताला, तो अध्यक्ष असला तरी, विश्वस्त मंडळाच्या ठरावाने जेवढा अधिकार दिला असेल तेवढाच असतो. शाळाभेटीसाठी महिन्यातील एक दिवस ठरवावा, भेटीचा विषय आधी मुख्याध्यापकांना कळवावा आणि जे दिसले ते सभेत मांडावे, असा साधा ठराव आपण आणू शकता.

आता जागेविषयी. गुजरातमध्ये सार्वजनिक विश्वस्त संस्थांना 1950 चा अधिनियम लागू आहे. तो पूर्वी मुंबईच्या नावाने ओळखला जाई. त्याच्या कलम 36 नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे, बक्षीस देणे, तसेच शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक किंवा बिनशेती जमीन व इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. नऊ वर्षांचा करार परवानगीशिवाय करता येणार नाही, आणि सर्व विश्वस्तांचे एकमत असले तरी कायद्याची ही अट सुटत नाही. परवानगी मागताना व्यवहार संस्थेच्या हिताचा आहे हे दाखवावे लागेल. त्यामुळे तळमजला गेल्यावर मुलांनी खेळायचे कोठे, याचे उत्तर आधी सभेतच तयार ठेवावे. आपला विरोध असेल तर तो तोंडी न ठेवता कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

त्याच कायद्यानुसार विश्वस्त बदलले की त्याचा बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावा लागतो. आपली स्वतःची नोंद झाली आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळ संस्थांत जुन्या विश्वस्तांचीच नावे दप्तरी राहतात आणि बँकेत सही बदलण्याची वेळ आली की धावपळ होते. हिशेब दरवर्षी तपासून घेणे बंधनकारक आहे, आणि शिल्लक पैसा कोठे गुंतवावा यावरही कलम 35 चे बंधन आहे. हिशेब दर तिमाहीस सभेपुढे ठेवावेत, अशी मागणी कोषाध्यक्षांवर अविश्वास दाखवल्याशिवाय करता येते.

भाषिक अल्पसंख्याकांना संविधानाच्या अनुच्छेद 30 ने शाळा स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, हे खरे. भाषिक अल्पसंख्य कोण हे राज्यनिहाय ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले असल्यामुळे गुजरातमध्ये मराठी भाषकांना हा दावा करता येतो. पण कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे तत्त्व त्याच न्यायालयाने 1958 मध्ये केरळ शिक्षण विधेयकाच्या संदर्भातच मांडले होते. विश्वस्त अधिनियम अल्पसंख्य संस्थेलाही लागू आहे.

एक खुलासा. शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांतील कलम 21 खालील पालक-बहुल समितीचे काम फक्त सल्ला देण्यापुरते राहिले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर अल्पसंख्य शाळांना तो कायदा लागूच होत नाही. निर्णयाची जबाबदारी संस्थेवर, म्हणजे आपल्यावरच राहते.

प्रश्न : आमची मुले स्ववित्तपोषित शाळेत आहेत. तेथे पालक समिती आहे. फीवाढ रोखण्याचा अधिकार आम्हाला आहे का?
(काही पालक, कारेलीबाग)

उत्तर : नाही. विनाअनुदानित खासगी शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मधून वगळल्या आहेत, त्यामुळे आपल्या समितीला शाळेने दिले असतील तेवढेच अधिकार आहेत. शाळा केंद्रीय मंडळाशी म्हणजे सीबीएसईशी संलग्न असेल, तर मंडळाच्या नियमांनुसार तिच्या व्यवस्थापन समितीत पालकांचे दोन प्रतिनिधी असावे लागतात. ते कोण आहेत, हे विचारावे. फीसाठी राज्याचा 2017 चा वेगळा कायदा असून त्याखालील चार विभागीय समित्यांपैकी एक बडोद्यात आहे. कायद्यातील मर्यादेपेक्षा, प्राथमिकसाठी वर्षाला 15,000 रुपयांपेक्षा, अधिक फी घ्यायची असल्यास शाळेला आपला प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो. मंजूर फीचा आदेश पाहायला मागणे हे आपले पहिले पाऊल असावे.

प्रश्न : आमच्या शाळेची सहल ठरली आहे. संचालक मंडळाचा सदस्य म्हणून मी चौकशी केली, तेव्हा ‘हे शिक्षकांचे काम आहे’, असे सांगण्यात आले. मी लक्ष घालू नये का?
(एक सदस्य, मांजलपूर)

उत्तर : अवश्य घालावे. 18 जानेवारी 2024 रोजी आपल्याच शहरात हरणी तलावावर सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर बडोद्यातील कोणत्याही संचालकाला सहल हा केवळ शिक्षकांचा विषय आहे असे म्हणता येईल, असे मला वाटत नाही. सहल कोठे जाणार हे शिक्षकांनी ठरवावे. पण कोणत्या अटी पूर्ण झाल्याशिवाय ती निघणार नाही, हे मंडळाने लेखी ठरवलेले असावे. पालकांची लेखी संमती, मुलांच्या प्रमाणात शिक्षक, बसच्या कागदपत्रांची तपासणी, पाण्यावर जायचे असल्यास प्रत्येकाला जॅकेट आणि ते नसल्यास सोबतच्या शिक्षकाला जागेवरच नकार देण्याचा अधिकार, एवढे त्यात हवेच. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिकिटाचे पैसे भरलेले असतात, मुले रांगेत उभी असतात, तेव्हा एकट्या शिक्षिकेला ‘नाही’ म्हणणे कठीण जाते. मंडळाचा ठराव तिच्या पाठीशी असला तर ती म्हणू शकते.

याच्याच जोडीने आणखी एक गोष्ट मंडळाने जाणून घ्यावी. बालकांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ‘आधी आपण आपल्यात चौकशी करू, शाळेचे नाव जाईल’, हा सल्ला सभेत कोणीही दिला, तरी तो मानू नये.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांचे गणवेशाचे दुकान आहे आणि मी शाळा समितीवर आहे. त्यांनी दरपत्रक दिले तर चालेल का?
(नाव नको, रावपुरा)

उत्तर : ते दरपत्रक देऊ शकतात. दरपत्रके उघडण्यापूर्वी आपण हे नाते सभेत सांगावे, त्या विषयावरील चर्चेच्या वेळी बाहेर जाऊन बसावे आणि आपण बाहेर होता हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. काम त्यांनाच मिळाले, तर कापडाची तपासणी आणि बिलावरील सही या दोन्ही गोष्टी दुसऱ्या सदस्याकडे द्याव्यात.