पखवाजाची कणीक कुठल्या खात्यात?

'मॅडम, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव खानापूर तालुक्यात, बेळगावात तिघं मिळून रूम करून राहतो. घरी वारकरी परंपरा, माझ्याही गळ्यात माळ आहे. रूमवरची पोरं संध्याकाळी कॅम्पात फिरायला जातात, रविवारी टर्फवर खेळतात. गेलो तर मन लागत नाही, नाही गेलो तर एकटं वाटतं. शनिवारी गावाकडं जाऊन भजनात पखवाज वाजवतो. आप्पा म्हणतात, भजन म्हातारपणी कर, आता पोलीस भरतीचं बघ. मित्र म्हणतात सीए कर. कार्तिकी वारीत बारा दिवस जातात, ते वायाच जातात काय? आणि खरं सांगायचं तर माझी श्रद्धा आहे की नुसती सवय आहे, तेच कळंना झालंय. कृपया नाव छापू नका.'

चि. मित्रा,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथं थोडंच छापलंय. पत्रासोबत तू दिंडीच्या हिशेबवहीच्या एका पानाचा फोटो पाठवलास, 'वारीत माझं काम एवढंच असतंय' असं लिहून. तो फोटो मी दोन दिवस पुन्हा पुन्हा बघतेय. डावीकडं शिधा: तांदूळ, तूरडाळ, गूळ, चहापूड. उजवीकडं टेम्पोचं डिझेल, पाण्याचा टँकर, एका आज्जींच्या पायाला फोड आले त्याचं औषध. आणि तळाशी वाद्यांच्या खात्यात वेगळी ओळ: 'कणीक, पखवाजासाठी, पाव किलो.'

पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक थापायची, वाजवून झालं की खरवडून काढायची, हे तुला मी काय सांगणार. ती कणीक स्वयंपाकाच्या पिठातूनच घेतलेली असणार. दुसऱ्या कुणी ती शिध्यात धरून मोकळा झाला असता. तू ती बाहेर काढून वाद्यांच्या खात्यात लिहिलीस, कारण ती कुणाच्या पोटात गेली नव्हती. हे तुला कॉलेजात कुणी शिकवलेलं दिसत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कुठला खर्च कुठल्या खात्यात हाच प्रश्न रोज पडतो. एका कास्टिंगमागं वाळू किती, भंगार किती, वीज किती, आणि रिजेक्ट गेलेल्या मालाचा खर्च कुठल्या ऑर्डरवर घालायचा? या विद्येला कॉस्ट अकाउंटिंग म्हणतात. त्याचा सीएमए हा अभ्यासक्रम आपल्याकडं फार कमी मुलांना ठाऊक असतो, सगळे सीएचंच नाव घेतात. पदवी झाली की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नाव घालता येतं. दोन ग्रुपमध्ये मिळून 8 पेपर, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. सीएचं दारही बंद नाही. वाणिज्य पदवीला 55 टक्के असतील तर तिथंही थेट इंटरमीजिएटला जाता येतं, पुढं 2 वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी. माझा कौल सीएमएकडं आहे, आणि तो त्या पाव किलोच्या ओळीवरून आहे. पण त्याआधी येत्या सुट्टीत एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात किंवा कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बस. पगार मिळो न मिळो, टॅली आणि जीएसटीची रिटर्नं हातानं कर. दोन महिन्यांत कंटाळलास तर मला तसं कळव, मग वेगळा विचार करू.

आप्पांचं मन मोडू नकोस. सरकारी नोकरीची त्यांना वाटणारी ओढ खरी आहे. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागाच्या 865 गावांच्या यादीत तुझं गाव आहे का बघ. असेल तर 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढून महाराष्ट्र शासनाच्या जागांनाही अर्ज करता येतो. रेल्वे भरतीची परीक्षा मराठीतून देता येते. पोलीस भरती मात्र तुला मनापासून हवी असेल तरच. तुझ्या चार पानांत धावण्याचा, मैदानाचा एक शब्दही नाही.

आता वारी वाया जाते का, हा प्रश्न. मी वर जे लिहिलं ते वाचून वारीला 'अनुभव' म्हणून जायला लागू नकोस. बायोडेटात हिशेब लिही, साठ माणसांच्या बारा मुक्कामांचा खर्च सांभाळला हे ठळक लिही. पखवाज लिहू नकोस. आयुष्यात एखादी गोष्ट अशी राहू दे की जिचा कुठंच उपयोग करायचा नाही. तुझ्या वयाच्या मुलांचा मोकळा वेळ इतका मापून खर्ची टाकला जातोय, की खेळसुद्धा फिटनेससाठी आणि वाचन स्पर्धा परीक्षेसाठी होऊन बसलंय. हे बघून मला फार वाईट वाटतं.

श्रद्धा की सवय, हे ठरवून द्यायचा अधिकार मला नाही. पण पत्रातलं एक वाक्य मला लागलं: कॉलेजच्या गेटजवळ आलं की तू माळ शर्टाच्या आत सरकवतोस. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात होते, भाटे वकिलांकडं उतरले होते. रिसालदार गल्लीतलं ते घर आजही जपलेलं आहे, एकदा जाऊन ये. जेवणानंतर त्यांनी विडा-सुपारी आणि तंबाखू मागितली तेव्हा घरच्यांना नवल वाटलं, संन्याशाला हे कसं चालतं म्हणून. त्यांनी ते लपवलं नाही, पूर्वी आपण कसे होतो ते सरळ सांगून टाकलं. त्या वेळी त्यांचं वय 29, तुझ्याहून फार मोठे नव्हते. तुझ्या मनात शंका आहे, तर ती घरच्या आज्जांना, म्हणजे आजोबांना, सांग. माळ घालणाऱ्या माणसाला शंका येतच नाही असं त्यांच्या तोंडून ऐकलंस तर मला आश्चर्य वाटेल.

कन्नडबद्दल तू ओझरतं लिहिलंस, की बँकेत, आरटीओत बोलायची वेळ आली की मागं सरतोस, आणि शहर परकं वाटतं ते त्यामुळंच. मराठी तुझी आहेच, ती कोण काढून घेणार? इथल्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघायचे असतील तर कन्नड बोलता यायलाच हवं. संतांनी विठ्ठलाला कानडा म्हटलंय, आणि पुरंदरदासांनी आपल्या कन्नड पदांवर पुरंदर विठ्ठलाचीच मुद्रा उमटवली. पंढरपुरात दर्शनबारीत तुझ्या पुढं-मागं कन्नड बोलणारे वारकरी असतात, त्यांच्याशी बोलायला सुरुवात कर. तिथं चुकलास तरी कुणी हसणार नाही.

रूमवरच्या पोरांबरोबर महिन्यातनं एखादा रविवार टर्फवर जा आणि मन लावून खेळ, भक्तीत त्यानं काही कमी पडत नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवशी वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडं भजनाला कोण बसतं ते शोध. पखवाजवाल्याला कुठलीही भजनी मंडळी नको म्हणत नाहीत. बेळगावात तुझं एक घर तयार होईल, शनिवारच्या गाडीची वाट बघत पाच दिवस काढावे लागणार नाहीत. रात्री एक वाजेपर्यंत रील बघतोस म्हणालास, ते तेवढं बंद कर.

यंदाच्या कार्तिकीचं असं कर. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की लगेच प्राध्यापकांना भेट. पेपर नसतील आणि हजेरी भरत असेल तर बाराही दिवस चाल. इंटर्नल मध्ये येत असेल तर ती देऊन रेल्वेनं मिरज गाठ आणि पुढं दिंडीला जाऊन मीळ. तोवर वही चुलतभावाकडं दे, आणि कणकीची ओळ कुठं लिहायची ते त्याला नीट दाखवून ठेव.