तांब्याचं तोंड गोल नसतं

प्रश्न : नमस्कार बाई. माझं वय ५४. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चित्रकला सुरू केली. मोबाइलवरचे फोटो बघून मी बऱ्यापैकी चित्रं काढते. माझा मोर तर नणंदेने फ्रेम करून भिंतीवर लावला आहे. दोन महिन्यांपूर्वी एका क्लासला नाव घातलं. तिथे सरांनी पितळी तांब्या, दोन कांदे आणि एक फडकं मांडून ठेवलं आणि तीन आठवडे तेच काढायला लावलं. माझा तांब्या दरवेळी वाकडा येतो. मोर जमतो आणि तांब्या जमत नाही, हे कसं? आणि आजच्या काळात हे तांबे-कांदे काढायचे तरी कशाला? सोबत माझ्या वहीच्या पानाचा फोटो जोडते आहे. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, पान पाठवलंत ते फार बरं केलंत. नुसत्या वर्णनावरून मला काही सांगता आलं नसतं.

तुमच्या तांब्याचं तोंड हवं त्यापेक्षा खूप उघडं आहे, त्याची दोन्ही टोकं करंजीसारखी टोकदार झाली आहेत आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ आहे. तिन्ही चुका एकाच ठिकाणाहून येतात. तांब्याचं तोंड गोल असतं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून हात ते गोल करायला धावतो. तांब्या टेबलावर सपाट बसतो हेही माहीत आहे, म्हणून बूड सरळ येतं. तुम्ही काढलाय तो तुमच्या माहितीतला तांब्या. समोरच्या तांब्याकडे बघणं अजून व्हायचं आहे.

आज घरी एक करा. तांब्या फडताळावर अशा उंचीला ठेवा की त्याचा काठ बरोबर तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येईल. तोंड दिसणारच नाही, फक्त एक आडवी रेष दिसेल. मग तो ओट्यावर ठेवा. तोंड थोडं उघडेल, चपटं लंबवर्तुळ दिसेल. नंतर जमिनीवर ठेवून उभ्याने बघा, जवळजवळ गोल दिसेल. तांब्या तोच, तुमच्या डोळ्याची उंची बदलली. आता टेबलावरच्या तांब्याकडे परत या. त्याचा काठ डोळ्याच्या रेषेला जवळ आहे आणि बूड तिच्यापासून लांब, खाली आहे. म्हणजे बुडाची कड काठापेक्षा जास्त वळलेली असायला हवी. तुमच्या पानावर ती सरळ आहे, आणि त्यामुळेच तुमचा तांब्या टेबलावर बसत नाही, तरंगतो.

टोकांचं म्हणाल तर लंबवर्तुळाला कुठेही टोक नसतं. तांब्या काचेचा आहे असं समजा आणि मागची, न दिसणारी कडही हलक्या हाताने काढा. मनगट न वळवता खांद्यातून हात फिरवा. कागदाला टेकवण्याआधी हवेत दोनतीनदा फिरवून घ्या.

आता मोराकडे येते. फोटोवरून काढणं कमी दर्जाचं असं मी म्हणत नाही, पण फोटोत सगळ्यात अवघड काम आधीच झालेलं असतं. समोरची वस्तू जाड, खोल, गोल असते आणि कागद सपाट. हे सपाट करण्याचं काम कॅमेऱ्याने एका डोळ्याने, एका जागेवरून करून टाकलेलं असतं. तुम्ही एका सपाट कागदावरून दुसऱ्या सपाट कागदावर आकार उतरवता. तांब्यासमोर हे काम तुमच्यावर येतं. तुम्हाला दोन डोळे आहेत, मान दोन बोटं हलली तरी कड सरकते, दुपार कलली की सावली फिरते. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगते, हे आणखी वेगळं. माणसाच्या चेहऱ्यात ते लगेच कळतं, नाक मोठं होतं. फुगलेला तांब्या मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

तांबे-कांदे कशाला, याचं उत्तर थोडं सविस्तर देते, कारण हे सामान वर्षानुवर्षं उगाच टिकलेलं नाही. तांब्या लंबवर्तुळ शिकवतो आणि डावी-उजवी बाजू सारखी तोलायला लावतो. मधोमध उभा अक्ष काढा आणि गळ्याची रुंदी दोन्ही बाजूंना मोजा. कांद्याला तशी बाजू नसते, एकीकडे तो फुगलेला असतो, दुसरीकडे दबलेला. त्याच्या सालावरच्या रेषा देठाकडून मुळाकडे जातात, आणि त्या कशा वळतात एवढं नीट बघितलं तरी सावली न देताही कांदा गोल दिसतो. फडक्यात चुणी कुठून निघते ते शोधायचं. एका खिळ्याला टांगलं तर सगळ्या चुण्या खिळ्यापासून फाकतात; दोन खिळ्यांना टांगलं तर मध्ये झोळ पडतो आणि चुण्या एकीखाली एक झोके घेतात. खळ घातलेल्या सुती कापडाच्या चुण्या कोनदार मोडतात, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या गोलाकार पडतात. माझ्याकडे आईच्या नऊवारीचा एक तुकडा आहे, मुलींना मी तोच देते. हे ज्याला दिसायला लागलं, त्याला पुढे माणसाच्या गुडघ्यावरून पडलेलं धोतर काढताना अडत नाही.

मुंबईत ही वाट जुनी आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथला जुना क्रम असा होता : आधी सपाट चित्रांच्या नकला, मग प्लास्टरचे पुतळे, मग जिवंत माणूस. पुतळा मध्ये का, तर तो पांढरा असतो आणि हलत नाही. रंग नडत नाही, फक्त उजेड आणि सावली उरते. घरी प्लास्टरचा पुतळा कुठून आणायचा? अंडं घ्या. पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं ठेवून एक रविवार त्यालाच द्या.

तुमच्या सरांनी तांब्या पितळी ठेवलाय, एवढ्यावर माझं मत वेगळं आहे. चकचकीत धातूत खिडकी, भिंत, तुमचा गाऊन सगळं उमटतं. काळा आणि पांढरा एकमेकांना चिकटून येतात आणि नवशिक्या माणसाला सावली आणि प्रतिबिंब यांतला फरक कळत नाही. सुरुवातीला मातीचं मडकं घ्यावं. त्याच्यावर उजेड हळूहळू मावळतो. डोळे किलकिले करून बघितलं की उजळ, मधला आणि गडद असे तीन भाग वेगळे होतात. तिथून तांब्याकडे आणि अगदी शेवटी स्टीलच्या पेल्याकडे यावं.

उजेड एकाच बाजूचा हवा. ट्यूबलाइट चालू आणि खिडकीही उघडी असेल तर दोन सावल्या पडतात आणि आकार विरघळतो. पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीची शिफारस असते, कारण तिथून थेट ऊन येत नाही. ती पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. पावसाळ्यात आभाळ भरलं की सावलीच धड पडत नाही. तेव्हा सरळ टेबललॅम्प लावा, डाव्या बाजूने, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर येणार नाही. कागदही टेबलावर आडवा ठेवू नका. पाट मांडीवर तिरका टेकवा. आडव्या कागदावर काढलेली वस्तू उभं धरल्यावर लांबट निघते.

पेन्सिलीने माप घेताना हात कोपरात पूर्ण सरळ ठेवा आणि एक डोळा मिटा. कोपर थोडं जरी वाकलं तरी माप बदलतं. पुढच्या महिन्यात मडकं पाठवा, मी वाट बघते.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसणार आहे. क्लासमध्ये स्मरणचित्रासाठी भाजीवाली, फुगेवाला, पतंग उडवणारी मुलं अशी ठरावीक माणसं पाठ करून घेतात. ती हुबेहूब काढते, पण विषय थोडा बदलला की रडायला येते. काय करावं? – एक आई, कांदिवली

उत्तर : पाठ केलेली भाजीवाली परीक्षेपुरती चालतेही. पण पोरगी रडते, म्हणजे तिचं तिलाच कळलंय की हे आपलं नाही. तिला ओरडू नका.

ग्रेड परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन वेगळे पेपर आहेत, म्हणून क्लासवाले दोन्ही वेगळं शिकवतात. मी गिरणगावातल्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं आणि दोन्ही एकत्रच शिकवलं. स्मरणात काही असायचं तर आधी बघितलेलं असायला हवं. तिला संध्याकाळी बाजारात न्या, वही न देता. एकाच भाजीवालीकडे पाच मिनिटं बघू द्या. उकिडवी बसलीय की मांडी घालून? वजन टाचेवर आहे की चवड्यावर? तराजू उचलताना दुसरा हात कुठे जातो? घरी येऊन काढू द्या. जिथे अडेल तिथे प्रश्नचिन्ह करू द्या आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच बघायला परत न्या. खरं शिकणं या दुसऱ्या फेरीत होतं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याची आई मासे विकायची. बाकीची मुलं मासा म्हणजे पान आणि त्याला शेपूट असं काढायची. याने बांगडा काढला तो पाठीला गडद, पोटाला चंदेरी. मी विचारलं, सावली उलटी का? तो म्हणाला, बाई, बांगडा असाच असतो. त्याचं बरोबर होतं. पाण्यात वरून उजेड पडतो, त्यामुळे खरं तर पाठ उजळ आणि पोट काळोखं दिसायला हवं. माशाचा रंग नेमका उलटा असतो, म्हणून तो पाण्यात सपाट होऊन दडतो. गोल वस्तूला वरून उजेड, खालून सावली, हा नियम मीच त्यांना शिकवला होता. त्या दिवसापासून नियम सांगितला की पाठोपाठ मी वस्तूही पुढ्यात ठेवते.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, परळला राहतो. क्लास परवडत नाही. मुंबईत कुठे बसून स्केचिंग करू? – एक विद्यार्थी

उत्तर : अरे, तू परळला राहतोस म्हणजे राणीचा बाग तुला चालत जाण्यासारखा आहे. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला आणि पुढे इथे जोडून उभा केला. न हलणारा, एकरंगी आणि मोठा, तुला याहून चांगला नमुना मिळायचा नाही. सकाळी नऊला काढ आणि त्याच जागेवरून चारला पुन्हा काढ.

क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर कष्टकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत, ती लॉकवूड किपलिंगची. ते जे. जे.त शिकवायचे. १८७० नंतरच्या दोनेक वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातल्या कारागिरांची समोर बसून रेखाटनं केली. शिल्पं काढून झाली की खाली माल उतरवणारे हमाल काढ. ओझं डोक्यावर आलं की मान, पाठ आणि टाच एका रेषेत येतात, तिथून सुरुवात कर.

लोकलमध्येही काढ. झोपलेला माणूस निवड, तो निदान दोन स्टेशनं हलत नाही. बायकांकडे टक लावून बघत काढू नकोस, त्यांना त्रास होतो.

प्रश्न : पेन्सिल कुठली घेऊ? – दोन-तीन वाचक

उत्तर : आकारासाठी एचबी, सावलीसाठी ४बी. शार्पनर नको. ब्लेडने तासा आणि शिसं बोटाच्या पेरापेक्षा थोडं कमी उघडं ठेवा, म्हणजे टोकाने रेष येईल आणि आडवी धरून सावली. पहिली दहा मिनिटं खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. चुकलेली रेष तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी दुसरी मारा.