पहिला प्रकल्प घेताय? एवढंच सांभाळा

मॅडम, ‘आवडेल तो विषय घ्या’ असं मुलांना सांगू नका. मीही पहिल्या वर्षी सांगितलं होतं. सहावीच्या वर्गात निम्म्या गटांनी डायनासोर घेतले आणि गुणोत्तर-प्रमाण राहिलंच.

आधी दोन-तीन अध्ययन निष्पत्ती, म्हणजे प्रकल्पानंतर मुलांना काय यायला हवं ते, पक्क्या करा. त्या तुमच्या. प्रश्न कोणता, माहिती कशी गोळा करायची, मांडायची कशी, हे मुलांचं.

उदाहरणार्थ, विषय ‘शाळेतलं पाणी’. आमच्या एका गटाने गळक्या नळाखाली लिटरची बाटली धरली. ती वीस मिनिटांत भरली. म्हणजे तासाला ३ लिटर, दिवसाला ७२! एकमान पद्धत मी शिकवायच्या आधीच फळ्यावर आली होती. नळ दुरुस्त व्हायला मात्र दिवाळी उजाडली, ते सोडा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- सात-आठ जणांचा गट. चार पुरे, नाहीतर दोघं राबतात, बाकीचे रंग भरतात.
- काम घरी देणं. मग चार्ट आईबाबांचा असतो.
- शेवटच्या दिवशीच तपासणं. रोज पाच मिनिटं प्रत्येक गटाजवळ बसा, ‘हे कशावरून?’ एवढंच विचारा.

पहिला प्रकल्प आठवडाभराचाच ठेवा. गुणांकनाचे तक्ते वगैरे सध्या बाजूलाच राहू द्या. वर्गात गोंगाट होईल, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.