वजन खूप जास्त असलेल्यांचे स्नायू चरबी कमी जाळतात, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वजन 128 किलो आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 45, आणि डॉक्टर म्हणाले, "तुमचे स्नायूच चरबी कमी जाळतात." मग चालून तरी काय उपयोग, असा तुमचा प्रश्न.

मी फिजिओलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं याचं शास्त्र, शिकवते. डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे, पण अर्धंच.

आधी एक गैरसमज काढून टाका. "मेटाबॉलिझम स्लो आहे" असं जे सगळे म्हणतात, तसं नसतं. जड शरीर दिवसाला एकूण कॅलरी जास्तच खर्च करतं. फरक आहे तो इंधनाच्या निवडीत. रिक्षात सीएनजी-पेट्रोलचं बटण असतं ना, तसं निरोगी स्नायू रात्री उपाशीपोटी मुख्यतः चरबीवर चालतो आणि जेवण झालं की ग्लुकोजवर जातो. तुमच्या स्नायूत हे बटण अडकलेलं असतं: रात्री चरबी पुरेशी जळत नाही, जेवल्यावर ग्लुकोज पुरेसं आत घेतलं जात नाही. न जळलेली चरबी स्नायूच्या पेशीतच साठते, आणि तिच्यापासून तयार होणारे काही पदार्थ इन्सुलिनचा "ग्लुकोज आत घ्या" हा निरोप पुढे जाऊ देत नाहीत. (नुसता साठा वाईट नाही हं. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या स्नायूतही चरबी भरपूर असते, पण ती रोज वापरली जाते.)

अमेरिकेतल्या ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात शस्त्रक्रियेच्या वेळी अशा रुग्णांच्या पोटाच्या स्नायूचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. शरीराबाहेर, बारीक माणसांच्या पेशींसारखंच खाद्य मिळूनही त्या चरबी कमीच जाळत होत्या. म्हणजे हा तुमचा आळस नव्हे. ती खोड पेशीतच मुरलेली आहे. वजन पुष्कळ उतरल्यावरही ती जात नाही.

आता उरलेलं अर्धं. त्याच विद्यापीठाने 2008 मध्ये बारीक, लठ्ठ आणि आधी अतिलठ्ठ असून वजन उतरलेल्या अशा तीन गटांतल्या बायकांना सलग 10 दिवस रोज तासभर व्यायाम करायला लावला. तिन्ही गटांत स्नायूंचं चरबी जाळणं वाढलं. 10 दिवसांत! मला तरी हा निकाल फार मोठा वाटतो. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही ग्लुकोज ओढून घेतो.

म्हणून वजनकाट्याकडे न बघता चाला. तासभर लगेच जमणार नाही, 10 मिनिटांपासून सुरू करा. गुडघे कुरकुरत असतील तर जागेवरची सायकल. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डोस विचारून घ्या, साखर एकदम खाली येऊ शकते.