गोल भरपूर, पण बचाव कच्चा: दोन हंगामांच्या मधल्या काळात क्लब काय करू शकतो?

तुम्ही विचारले आहे की, तुमचा आवडता फुटबॉल संघ गोल करण्यात कमी पडत नाही, पण जवळपास तितकेच गोल खातो, तर पुढचा हंगाम सुरू होण्याआधी बचाव सुधारण्यासाठी अशा व्यावसायिक क्लबपुढे कोणते पर्याय असतात. संघाचे नाव तुम्ही दिलेले नाही. म्हणून ज्या संघाचे सामने मी मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये बसून पाहत आलो, त्या एफसी गोवाचे उदाहरण घेऊन उत्तर देतो, कारण २०१८ च्या पावसाळ्यात या क्लबपुढे नेमका हाच प्रश्न होता.

२०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या गोव्याने साखळीतल्या १८ सामन्यांत ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. एकट्या कोरोने, म्हणजे आघाडीच्या फेरान कोरोमिनासने, १८ गोल मारले होते. बंगळुरूला ४-३ ने हरवल्याच्या रात्री फातोर्ड्यात जो जल्लोष झाला तो मी विसरलेलो नाही, पण त्या निकालातला तीनचा आकडा तेव्हाच खटकला होता. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईयिनविरुद्ध घरच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी झाली आणि परतीच्या सामन्यात चेन्नईत ०-३ असा पराभव होऊन हंगाम संपला.

अशा वेळी चाहत्यांची पहिली मागणी असते ती नवा बचावपटू आणण्याची. माझे मत असे आहे की, त्याआधी खाल्लेल्या प्रत्येक गोलाची छाननी व्हायला हवी. मी सामना पाहताना वहीत प्रत्येक गोलापुढे तीन गोष्टी लिहून ठेवतो: चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात गमावला, त्यानंतर किती पासांत गोल झाला, आणि चेंडू गमावला त्या क्षणी आपले दोन्ही फुल-बॅक, म्हणजे डाव्या-उजव्या कडेचे बचावपटू, कुठे उभे होते. हंगामाच्या शेवटी ही पाने चाळली की दुखणे बहुधा एकाच जागी सापडते. लोबेरांचा संघ चेंडू स्वतःकडे ठेवून खेळत असे, फुल-बॅक मध्यरेषेच्या पुढे चढलेले असत आणि दोन सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मागे मोकळे रान पडलेले असे. अशा संघाला केवळ धिप्पाड सेंटर-बॅक पुरत नाही. पाठीमागे पसरलेली जागा एकट्याने सांभाळणारा आणि पायात चेंडू आला तर न गडबडणारा माणूस लागतो. याउलट तुमचा संघ खोलवर बसून खेळत असेल आणि गोल क्रॉसवर, म्हणजे कडेने पेटीत आलेल्या चेंडूंवर, होत असतील, तर खरेदीची यादी पूर्णपणे वेगळी होईल.

आपल्या लीगमध्ये या प्रश्नाला आणखी एक गाठ आहे, ती परदेशी खेळाडूंच्या मर्यादेची. त्या काळी एका वेळी मैदानावर पाच परदेशी खेळाडू चालत आणि २०२१-२२ पासून ही संख्या चारवर आली. गोल करणारा परदेशी दिसतो, गाजतो, तिकिटे खपवतो; म्हणून या जागा आघाडीवर खर्च करून बचाव स्वदेशी खेळाडूंच्या भरवशावर सोडण्याचा मोह क्लबला होतो. गोव्याने २०१८ मध्ये सेनेगलचा मुर्तदा फॉल आणि स्पेनचा कार्लोस पेन्या असे दोन परदेशी बचावपटू आणले. पाचपैकी दोन जागा बचावाच्या मध्यभागी देणे हा धाडसाचा निर्णय होता, आणि मला आजही तो त्या पावसाळ्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. फॉल उंच असल्यामुळे दोन्ही पेटीत उपयोगी पडला. पुढे तो लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा बचावपटू ठरला.

दुसरा पर्याय घरातच असतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नारायण दास दिल्लीला गेल्यावर गोव्याला लेफ्ट-बॅक हवा होता आणि भारतात चांगला डाव्या पायाचा फुल-बॅक मिळणे फार अवघड असते. लोबेरांनी बाहेर शोधण्याऐवजी म्हापशाच्या मंदार राव देसाईला तिथे उतरवले. मंदार तोपर्यंत डाव्या कडेने हल्ला चढवणारा विंगर म्हणून ओळखला जात होता. त्याची दमछाक लवकर होत नसे, चेंडू घेऊन वर जाण्याची सवय अंगात मुरलेली होती, आणि या पद्धतीत फुल-बॅकला तेच काम अधिक करायचे होते. विंगरला फुल-बॅक करायचे असेल तर त्यासाठी मोकळे आठवडे लागतात, कारण बचावफळीची रेषा कधी सोडायची आणि कधी धरायची हे साखळी सुरू असताना शिकवता येत नाही. म्हणूनच हा उपाय हंगामाबाहेरच करण्यासारखा असतो. दुसऱ्या बाजूला गोव्याचाच सेरिटन फर्नांडिस होता, तिथे हात लावण्याची गरजच नव्हती.

गोलरक्षक बदलणे हाही पर्याय असतो. २०१८-१९ च्या हंगामाच्या सुरुवातीला गोव्याने मणिपूरच्या १८ वर्षांच्या मोहम्मद नवाझवर विश्वास टाकला होता, अंतिम सामन्यात मात्र नवीन कुमार गोलात उभा होता.

या सगळ्या बदलांचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१८-१९ मध्ये तितक्याच १८ सामन्यांत गोव्याने ३६ गोल केले आणि २० खाल्ले. म्हणजे केलेले गोल सहाने कमी झाले, खाल्लेले आठने घटले, आणि गुण ३० वरून ३४ वर गेले. गोल कमी करूनही संघ वर चढला, हे तुमच्या क्लबच्या व्यवस्थापनाला कोणीतरी दाखवावे असे मला मनापासून वाटते.

तरीही एक दुखणे उरलेच. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीत बंगळुरूविरुद्ध अंतिम सामना होता आणि मी तिथे होतो. जादा वेळेचा पूर्वार्ध संपता संपता अहमद जहूहला दुसरे पिवळे कार्ड मिळाले. जहूह बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू अडवणारा आणि खेळाची सूत्रे हलवणारा मध्यरक्षक होता. तो गेल्यावर दहा जणांना सगळी जागा झाकायची होती. ११७ व्या मिनिटाला डिमास डेलगाडोने कॉर्नर घेतला आणि मुंबईच्याच राहुल भेकेने हेडरने सामन्यातला एकमेव गोल केला. माझ्या पुढच्या रांगेतला एक गोंयकार डोके धरून खालीच बसला. त्या गोलामुळे दोन गोष्टी माझ्या मनात पक्क्या झाल्या. पहिली ही की, बचाव म्हणजे फक्त मागचे चौघे नव्हेत, त्यांच्यापुढचा एक माणूस आणि त्याची पर्यायी जोड हाही बचावच आहे. दुसरी ही की, कॉर्नर आणि फ्री-किकवरच्या बचावाचा सराव, त्यातही एक खेळाडू कमी असताना कोणी कोणाला धरायचे याचा सराव, पूर्वतयारीच्या शिबिरात स्वतंत्र वेळ देऊन घ्यायला हवा. यासाठी क्लबला एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही.

प्रशिक्षक बदलून सगळी बचावफळी नव्याने उभारण्याचा मार्गही आहे आणि तो मुंबई सिटीने २०२० मध्ये पत्करला. २०१९-२० च्या साखळीत मुंबईने १८ सामन्यांत २९ गोल खाल्ले होते. सिटी फुटबॉल ग्रुपचे पाठबळ मिळाल्यावर क्लबने लोबेरांनाच बोलावले आणि त्यांच्या पाठोपाठ फॉल, जहूह, मंदार आणि ह्युगो बुमू हे गोव्याचे चार खेळाडू मुंबईत दाखल झाले. एर्नान सांताना हा स्पॅनिश खेळाडू फॉलच्या जोडीला आला, उजवीकडे अमेय रानवडे हा मुंबईचाच तरुण खेळला. पुढच्या हंगामात २० सामन्यांत १८ गोल खाऊन मुंबईने साखळीतले पहिले स्थान आणि विजेतेपद दोन्ही जिंकले. एकमेकांची सवय असलेली माणसे एकदम मिळाली तर बचाव किती लवकर बसतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्या लीगमध्ये मला दुसरे माहीत नाही. मात्र यासाठी पैसा लागतो आणि प्रशिक्षकाच्या मर्जीतली माणसे त्याच वेळी उपलब्ध असावी लागतात.

याच व्यवहाराची दुसरी बाजू गोव्याच्या वाट्याला आली. चार खेळाडू गमावलेल्या गोव्याचा त्याच हंगामाच्या उपांत्य फेरीत त्याच मुंबईविरुद्ध पहिला सामना २-२ आणि दुसरा ०-० असा सुटला, आणि गोवा पेनल्टी शूटआउटमध्ये ५-६ असा हरला. म्हणून तुमच्या क्लबच्या जागी मी असतो तर नवी नावे काढण्याआधी सध्याच्या संघातल्या सर्वांत भरवशाच्या सेंटर-बॅकचा आणि त्याच्या पुढे खेळणाऱ्या मध्यरक्षकाचा करार कोणत्या महिन्यात संपतो आहे हे पाहिले असते, आणि तो संपण्याआधी त्या दोघांना बोलणीसाठी बोलावले असते.